लहान मिक्सरला जादा जॅक बसविणे : मंदिरातील ध्वनिव्यवस्थेसाठी माहिती

॥ श्री ॥



आपल्या मंदिरातील ध्वनिव्यवस्थेबाबत सदस्यांकडून वारंवार विचारणा होत असते. बाहेरचा कर्णा बंद केला की महिलांच्या बैठकीतील आवाजही का जातो, ध्वनिमुद्रणात टाळ ऐकू का येत नाहीत, मिक्सरला आणखी एक-दोन जॅक का बसवून घेत नाही, असे हे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे एकत्र मिळावीत आणि बैहर, बिरसा, बालाघाट तसेच शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील अन्य मंदिरांना व भजनी मंडळांनाही ती उपयोगी पडावीत, या हेतूने प्रस्तुत लेख देत आहोत. आम्ही तंत्रज्ञ नाही. मात्र मंडळातील जाणकार सेवेकऱ्यांजवळ बसून हे काम आम्ही पाहिले, समजून घेतले आणि त्यातील चुकाही अनुभवल्या.

१. हा विषय का निघाला

काही वर्षांपूर्वी कार्तिक महिन्यातील सप्ताहात आमच्या भजनी मंडळातील सर्वांत वयोवृद्ध गायकांचे भजन ध्वनिमुद्रित करण्याचे ठरले. ते अभंग मराठीत गात आणि मध्येच पोवारी बोलीतून निरूपण करीत. त्यांच्यासारखे निरूपण करणारे आमच्याकडे दुसरे कोणी नव्हते. आमच्या लहान मिक्सरला मुख्य आवाज बाहेर काढण्याची एकच जोडी होती. तीवरच सभामंडपाचे स्पीकर, बाहेरचा कर्णा आणि ध्वनिमुद्रक असे सर्व जोडले होते. रात्रीचे दहा वाजले. नियमाप्रमाणे कर्णा बंद करावयाचा म्हणून सेवेकऱ्याने मुख्य फेडर खाली ओढला. सभामंडप लहान असल्याने समोर बसलेल्यांना गायकांचा मूळ आवाज ऐकू येत होता व भजन रंगात आले होते. ध्वनिमुद्रकात मात्र दहानंतर काहीही गेले नाही. पुढील कार्तिकापूर्वीच ते गायक देवाघरी गेले. न्यासाजवळ आज त्यांचे भजन आहे ते दहा वाजेपर्यंतचेच.

ही चूक सेवेकऱ्याची नव्हती, व्यवस्थेची होती, आणि ती व्यवस्था आम्हीच ठरविली होती. तीन वेगळ्या कामांसाठी एकच वाट ठेवली की एका कामासाठी ती बंद करताना उरलेली दोन्हीही बंद पडतात. जादा जॅक लावल्याने आवाज मोठा होत नाही. आवाजाच्या वाटा वेगळ्या होतात. हा लेख वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

२. मिक्सरमध्ये आवाज कोणत्या मार्गाने जातो

जॅक कोठे बसवावा हे कळण्यासाठी आधी आतील मार्ग माहीत असला पाहिजे. लहान मिक्सर कोणत्याही कंपनीचा असला तरी त्यातील क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

(अ) माइक जोडण्याची जागा. माइकमधून येणारा विद्युतदाब फार क्षीण, काही मिलिव्होल्ट इतकाच असतो.

(आ) प्राथमिक वर्धक, म्हणजे 'गेन' अथवा 'ट्रिम'चा नॉब. येथे तो क्षीण दाब वाढवून कामाच्या पातळीवर आणला जातो. व्यावसायिक उपकरणांची ठरलेली पातळी सुमारे १.२३ व्होल्ट आहे, तर घरगुती टेप वा ध्वनिमुद्रकाची सुमारे ०.३२ व्होल्ट.

(इ) खर्ज व तार स्वर कमी-जास्त करण्याचे नॉब.

(ई) त्या माइकची 'लेव्हल', म्हणजेच नॉब किंवा फेडर.

(उ) 'पॅन', म्हणजे आवाज डावीकडे न्यावा की उजवीकडे हे ठरविणारा नॉब.

(ऊ) सर्व माइक एकत्र येतात ती जागा. येथे प्रत्येक माइकचा आवाज एका रोधकातून येऊन एका वर्धकात मिसळतो.

(ए) मुख्य फेडर व त्यापुढे मुख्य आवाज बाहेर पडण्याचे जॅक.

गावाच्या नळयोजनेचे उदाहरण घेतल्यास हे सहज समजते. मुख्य व्हॉल्व्हच्या पुढे बसविलेली तोटी मुख्य व्हॉल्व्ह बंद होताच कोरडी पडते; त्याच्या आधी बसविलेली वाहती राहते. आमच्या ध्वनिमुद्रकाची तोटी मुख्य व्हॉल्व्हच्या पुढे होती.

३. जॅकचे प्रकार

आपण ज्याला 'मोठी पिन' म्हणतो तो पाव इंची, म्हणजे ६.३५ मि.मी. व्यासाचा प्लग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हाताने जोडण्या करण्यासाठी प्रचारात आला. तीच रचना आजही गिटारपासून मिक्सरपर्यंत सर्वत्र टिकून आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. एक काळी पट्टी असलेल्या प्लगमध्ये टोक व दांडा असे दोन संपर्क असतात. दोन पट्ट्या असलेल्यात टोक, कडे व दांडा असे तीन संपर्क असतात. दांडा नेहमी ग्राउंडसाठी असतो.

माइकसाठी वापरली जाणारी तीन पिनांची गोल जोडणी मूळ लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीची असून ती एक्सएलआर या नावाने ओळखली जाते. तिच्यात पहिली पिन ग्राउंडची, तर दुसरी व तिसरी आवाजाची असते. 'फँटम'चे बटण चालू असता दुसऱ्या व तिसऱ्या पिनेवर ४८ व्होल्टचा दाब येतो. म्हणून जादा जॅकसाठी या पिनांवरून कधीही तार घेऊ नये. तेथे आवाज क्षीण असतोच, शिवाय जोडलेले उपकरण निकामी होण्याची भीती असते.

४. मिक्सर न उघडता करता येण्यासारखे उपाय

मिक्सर उघडला की त्याची हमी संपते. म्हणून प्रथम पुढील उपाय करून पाहावेत. निम्म्याहून अधिक गरजा येथेच भागतात, असा आमचा अनुभव आहे.

• 'रेक' किंवा 'टेप आउट'. बहुतेक लहान मिक्सरना ही लाल-पांढरी जोडी असते. काही मिक्सरमध्ये ती मुख्य फेडरच्या आधीची, तर काहींत नंतरची असते. ओळखण्यासाठी भजन लावून मुख्य फेडर पूर्ण खाली घ्यावा व ध्वनिमुद्रकाचा काटा पाहावा. काटा हलत राहिला तर जादा जॅकची गरजच नाही. ही दोन मिनिटांची परीक्षा आम्ही त्या वर्षी केली नाही, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

• 'ऑक्स' किंवा 'एफएक्स सेंड'. प्रत्येक माइकच्या रांगेतील या नॉबने एक स्वतंत्र मिश्रण तयार करून बाहेर काढता येते. महिलांच्या बैठकीतील किंवा भक्तनिवासातील स्पीकरसाठी हे सोयीचे आहे. मात्र लहान मिक्सरमध्ये हे मिश्रण बहुधा त्या माइकच्या लेव्हलनंतरचे असते, म्हणजे लेव्हल कमी केली की तेही कमी होते.

• डावी व उजवी बाजू वेगळी वापरणे. मंदिरात डाव्या-उजव्या आवाजाचा फारसा उपयोग नसतो. डावा जॅक सभामंडपाच्या ॲम्प्लिफायरला व उजवा कर्ण्याच्या ॲम्प्लिफायरला द्यावा. पॅन मध्यावर ठेवलेला माइक दोन्हीकडे जातो. पूर्ण डावीकडे फिरविलेला फक्त सभामंडपात राहतो. कर्णा बंद करताना त्याच्या ॲम्प्लिफायरचाच नॉब शून्यावर आणावा, मिक्सरला हात लावू नये.

• 'इन्सर्ट' जॅक असल्यास. मॅकी कंपनीच्या १२०२ मालिकेसारख्या काही लहान मिक्सरना पहिल्या चार माइकसाठी इन्सर्ट जॅक मुळातच दिलेले आहेत. त्यात साधा प्लग पहिल्या 'टक्' आवाजापर्यंतच सारला तर मूळ आवाज न तुटता त्या माइकचा स्वतंत्र आवाज बाहेर मिळतो. प्लग पूर्ण आत गेल्यास मात्र तो माइक मुख्य मिश्रणातून नाहीसा होतो.

• एकातून दोन वायरी. एका जॅकमधून दोन उपकरणांना आवाज देणारी वाय आकाराची वायर चालते. याउलट, दोन उपकरणांचे आवाज वाय वायरने एकाच जॅकमध्ये कधीही आणू नयेत. तसे केल्यास दोन्ही उपकरणांचे वर्धक एकमेकांवर भार टाकतात, आवाज फाटतो व कालांतराने उपकरण बिघडू शकते.

सध्या यूएसबीद्वारे प्रत्येक माइक संगणकात स्वतंत्र नोंदवू शकणारे मिक्सरही मिळतात. यूएसबी असलेला प्रत्येक मिक्सर तसे करतोच असे नाही. अनेकांतून फक्त एकत्र मिश्रणाच्या दोनच वाटा मिळतात. नवीन खरेदी करणाऱ्या मंडळांनी हे आधी विचारून घ्यावे. पुढील कामाचा विचार हमी संपलेल्या व सुस्थितीतील जुन्या मिक्सरबाबतच करावा.

५. कोणते जादा जॅक बसविता येतात

(क) जादा मुख्य जॅक. मुख्य आवाज आणखी एका ॲम्प्लिफायरला द्यावयाचा असल्यास हा उपयोगी पडतो. जुन्या जॅकवरून सरळ तार ओढून नवीन जॅकला जोडणे सोपे असते, पण ते योग्य नव्हे. त्या स्थितीत एका वायरीत शॉर्ट झाला की दोन्ही जॅक मुके होतात. मुख्य वर्धकाच्या बाहेर पडणाऱ्या टोकापासून, जुन्या जॅकच्या रोधकाच्या आधी, स्वतंत्र तार घ्यावी आणि तिला १ किलोओहमचा स्वतंत्र रोधक जोडून मग नवीन जॅकच्या टोकाला न्यावी. समोरच्या ॲम्प्लिफायरचा अंतर्रोध १० किलोओहम असल्यास या रोधकामुळे आवाज एक डेसिबलपेक्षाही कमी घटतो. कानाला तो फरक जाणवत नाही. ३० मीटरपर्यंतच्या वायरीला ही रचना पुरेशी आहे. १०० मीटर लांब वायर नेल्यास वायरीच्या स्वतःच्या धारणेमुळे टाळांच्या तार स्वरातील तेज कमी होऊ लागते. अशा वेळी रोधकाऐवजी स्वतंत्र लहान वर्धक बसवावा.

(ख) प्रत्येक माइकचा स्वतंत्र जॅक, अर्थात 'डायरेक्ट आउट'. ध्वनिमुद्रणासाठी हाच खरा उपयोगाचा. लेव्हलच्या नॉबला आत तीन पाय असतात. त्यांपैकी एक ग्राउंडला जोडलेला असतो, मधला पाय पुढे जाणाऱ्या आवाजाचा असतो आणि उरलेला पाय आतून येणाऱ्या आवाजाचा. या तिसऱ्या पायावर नॉब कमी-जास्त केल्याचा परिणाम होत नाही. तेथून तार घेऊन १० मायक्रोफॅरडचा ध्रुवरहित कपॅसिटर, त्यानंतर १ किलोओहमचा रोधक व नंतर जॅकचे टोक, असा क्रम ठेवावा. जॅकच्या टोकापासून दांड्याला १०० किलोओहमचा आणखी एक रोधक द्यावा, म्हणजे प्लग घालताना 'धप्प' असा आवाज येत नाही. नवीन मिक्सरमधील आयसी अतिशय बारीक पायांचे असतात व त्यांवर सोल्डरिंग करणे कुशल हातांनाही कठीण जाते. नॉबचे पाय त्यामानाने मोठे असतात, हाही या पद्धतीचा लाभ आहे. यात मूळ मार्ग कोठेही तोडावा लागत नाही. नवीन जॅक बिघडला तरी मिक्सर पूर्ववत चालत राहतो.

(ग) इन्सर्ट जॅक. यात मूळ मार्ग कापून तो नवीन जॅकच्या आतील संपर्कपट्टीतून फिरवावा लागतो. प्लग नसताना ती पट्टी मार्ग जोडून ठेवते. आमच्या भागातील पावसाळी दमट हवा, उन्हाळ्यातील धूळ व गाभाऱ्यातील धूप-कापराचा धूर यांनी ती पट्टी काळवंडते आणि काहीही न जोडता माइक मध्येच बंद पडू लागतो. म्हणून मंदिरासाठी हा प्रकार आम्ही टाळावा असेच सुचवितो.

(घ) जादा आवाज आत घेणारा जॅक. मोबाइल किंवा सीडीवरील धून आत घेण्यासाठी, सर्व माइक एकत्र येतात त्या जागी आणखी एक रोधक जोडून जॅक देता येतो. रोधक त्या जागी असलेल्या अन्य रोधकांइतक्याच किमतीचा असावा व सर्किटला अगदी लगटून असावा. तेथून लांब उघडी तार नेल्यास ती वातावरणातील गुणगुण गोळा करते. अशा जॅकला मिक्सरवर नॉब नसतो. आवाज मोबाइलवरूनच कमी-जास्त करावा लागतो.

६. साहित्य व वायर

जॅक शक्यतो प्लॅस्टिकच्या अंगाचे घ्यावेत. धातूच्या अंगाच्या जॅकचा दांडा मिक्सरच्या पत्र्याला टेकतो व ग्राउंडला दुसरी वाट मिळून गुणगुण सुरू होऊ शकते. त्याखेरीज पाव वॉटचे रोधक, कपॅसिटर, शील्डची बारीक वायर, मल्टिमीटर व बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न एवढे साहित्य पुरते.

वायरीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मलाजखंड हे तांब्याचे गाव. हिंदुस्तान कॉपर लिमिटेडचा येथील प्रकल्प १९८२ साली राष्ट्रास अर्पण झाला आणि अनेक मराठी कुटुंबांचा या गावाशी संबंध त्या खाणीमुळेच जडला. असे असताना आमच्याच मंदिरात कित्येक वर्षे तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर वापरली जात होती. ती स्वस्त मिळते. पण तिचा सोल्डर नीट धरत नाही व दोन-चार वेळा वाकविली की ती आतून तुटते. वायरीचा एक धागा ब्लेडने खरवडून पाहावा. आत पांढरा निघाल्यास ती वायर घेऊ नये.

७. कामाची रीत

१. मिक्सरचा पुरवठा काढून किमान दहा मिनिटे थांबावे. आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये दाब शिल्लक राहतो. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या मिक्सरमध्ये हात घालण्याचे काम जाणकारावरच सोपवावे.

२. झाकण काढण्यापूर्वी व काढल्यावर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. स्क्रू कोणत्या जागचा हे कागदावर लिहून ठेवावे.

३. तार जोडण्याची जागा निश्चित करण्यासाठी माइकमध्ये एकाने सतत बोलावे आणि मल्टिमीटरने त्या जागी बदलता दाब मिळतो का, हे पाहावे. लेव्हलचा नॉब फिरवूनही दाब तसाच राहिला तर जागा बरोबर आहे. हे पाहताना पुरवठा चालू असतो, म्हणून मल्टिमीटरची सळई शेजारच्या पायाला लागणार नाही याची दक्षता घ्यावी.

४. नंतर पुन्हा पुरवठा काढून सर्किट बाहेर घ्यावे व मगच पत्र्याला भोके पाडावीत. सर्किट आत असताना भोक पाडल्यास पत्र्याचा कीस आत पडून शॉर्ट होतो. भोकाचा आकार हाती असलेल्या जॅकची चूड मोजूनच ठरवावा. तो सामान्यतः १० ते १२ मि.मी. असतो.

५. भोके पाडण्यापूर्वी आतून जागा मोकळी आहे व प्लग पूर्ण आत गेल्यावर त्याचे टोक कोठे टेकत नाही, याची खात्री करावी. वीजपुरवठ्याच्या भागाजवळ जॅक बसवू नये. आमच्याकडे वरच्या पत्र्यावर जागा नव्हती म्हणून जॅक उजव्या कुशीत बसविले.

६. शील्डच्या वायरीची जाळी जॅकच्या बाजूस दांड्याला व सर्किटच्या बाजूस, जेथून आवाज घेतला त्याच्या जवळच्या ग्राउंडला जोडावी. सर्व जॅकचे ग्राउंड मिळेल तेथे जोडण्याची घाई करू नये.

७. सोल्डर दोन-तीन सेकंदांत बसला पाहिजे. अधिक वेळ उष्णता दिल्यास सर्किटवरील तांब्याची पट्टी उचलली जाते व ती दुरुस्त करणे फार कष्टाचे असते.

८. झाकण लावण्यापूर्वी नवीन जॅकच्या टोकावर स्थिर दाब मोजावा. तो शून्याच्या अगदी जवळ असला पाहिजे. काही व्होल्ट दिसल्यास कपॅसिटर चुकला आहे असे समजावे व त्यावर काहीही जोडू नये.

९. प्रत्येक जॅकवर मराठीत व हिंदीत चिठ्ठी लावावी. सेवेकरी बदलतात. चिठ्ठी नसेल तर पुढच्या वर्षी कोणास काही आठवत नाही.

मिक्सरला अदलाबदलीचा ॲडॅप्टर लावण्याचा मोह टाळावा. अनेक लहान मिक्सरच्या ॲडॅप्टरमधून बाहेर येणारा प्रवाह बदलत्या दिशेचाच असतो. त्याऐवजी साधा बॅटरी-छाप ॲडॅप्टर लावल्यास मिक्सर चालत नाही किंवा बिघडतो.

८. गुणगुण व अर्थिंग : प्राणाशी संबंधित सूचना

नवीन जॅकवर दुसरे उपकरण जोडले की पुष्कळदा 'हूं' असा सलग आवाज येऊ लागतो. हा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आवाज असतो. दोन उपकरणे दोन वेगळ्या बोर्डांवरून वीज घेत असली व ऑडिओच्या वायरीनेही जोडलेली असली की ग्राउंडचे एक कडे तयार होते व त्यातून ही गुणगुण शिरते. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घेणे हा पहिला उपाय होय. तेवढ्याने न भागल्यास मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मरची डबी बसवावी.

काही माइकवाले अशा वेळी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते, पण त्याबरोबर संरक्षणही जाते. अभिषेकानंतर गाभाऱ्याबाहेरील फरशी ओली असते, भाविक अनवाणी असतात आणि कीर्तनकारांच्या हाती धातूचा माइक असतो. ॲम्प्लिफायरमध्ये वीज उतरली तर ती त्या माइकमधूनच वाट काढील. आपल्या मंदिरात अर्थिंगची पिन काढण्यास न्यासाची सक्त मनाई आहे. ध्वनिव्यवस्थेच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच असणे अत्यावश्यक आहे व महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही, हे पाहावे.

तसेच कर्ण्याच्या ॲम्प्लिफायरच्या मागील स्पीकरच्या टोकांवरून मिक्सर किंवा ध्वनिमुद्रकाला तार घेऊ नये. कर्ण्यांसाठीच्या अनेक ॲम्प्लिफायरवर १०० व्होल्टची लाइन असते.

९. रात्री दहा ते सकाळी सहा

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी आवश्यक आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात तो बंदिस्त जागेतील आतल्या उपयोगाखेरीज लावता येत नाही. धार्मिक व सांस्कृतिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून एकूण १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. मध्य प्रदेश शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले.

कार्तिकातील काकड आरती पहाटे सहाच्या आत होते, म्हणजे ती या मर्यादेत येते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कर्णा व सभामंडप यांच्या वाटा वेगळ्या असतील तर काकड आरतीला कर्णा लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आत बसलेल्यांपुरता माफक आवाज ठेवता येतो. आपला सभामंडप बंदिस्त समजला जातो किंवा नाही, हे मात्र प्रत्येक मंदिराने स्थानिक प्रशासनाकडून समजून घ्यावे. परीक्षेचे विद्यार्थी, आजारी माणसे व खाणीतील रात्रपाळी करून आलेले कामगार आपल्याच शेजारी राहतात. त्यांची झोप राखणे हीही सेवाच आहे.

१०. ध्वनिमुद्रणात टाळ का हरवतात

या प्रश्नाचे उत्तर ऐकून अनेकांस आश्चर्य वाटते. मिक्सरमधून मुख्य आवाज म्हणून जे बाहेर पडते ते भजनाचे पूर्ण चित्र नसते. सभामंडपात जे कमी पडते त्याची ती भरपाई असते. टाळ, पखवाज आणि खंजिरी मुळातच मोठ्याने वाजतात. त्यांना माइक दिलेला नसतो किंवा दिलेला असला तरी त्याची लेव्हल अगदी कमी असते. वृद्ध गायकांचा आवाज क्षीण असतो म्हणून तो वाढविलेला असतो. समोर बसलेल्या श्रोत्याच्या कानी मूळ वाद्ये व स्पीकरमधील गायन मिळून सुरेख मेळ साधतो. पण मुख्य जॅकवरून ध्वनिमुद्रण केले की त्यात केवळ भरपाईच उतरते. गायन एकाकी पडते, पेटी मध्येच डोकावते आणि टाळ दूर कोठेतरी वाजल्यासारखे भासतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरीवरील भजनांत तर खंजिरी हाच ठेक्याचा प्राण असतो. ती न आलेले ध्वनिमुद्रण ऐकवत नाही.

यावर स्वतंत्र जॅक हाच उपाय आहे. आम्ही गायक व पेटी यांच्या माइकना प्रत्येकी एक डायरेक्ट आउट बसविला. सभामंडपाच्या मध्यभागी केवळ ध्वनिमुद्रणासाठी आणखी दोन माइक लावून ते सरळ ध्वनिमुद्रकात घेतले. त्यांत टाळ, पखवाज व श्रोत्यांचा गजर येतो. चारही आवाज वेगवेगळे नोंदले जातात व त्यांचा मेळ नंतर शांतपणे बसविता येतो. सभामंडपात त्या वेळी लेव्हलचा नॉब किंवा मुख्य फेडर कोठे होता, याचा लेव्हलपूर्वीच्या या वाटेवर काहीही परिणाम होत नाही. गेनचा तसेच खर्ज व तार स्वरांचे नॉब मात्र त्यापूर्वी येतात; ते कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत आणि मग त्यांस हात लावू नये.

ध्वनिमुद्रकाची पातळी मिक्सरपेक्षा कमी असेल तर आवाज फाटतो. अशा वेळी वायरीतच १० किलोओहमचा रोधक मार्गात व ३.३ किलोओहमचा ग्राउंडला जोडावा. आवाज सुमारे १२ ते १४ डेसिबलने खाली येतो. सर्वांत मोठ्या गजराच्या वेळीही ध्वनिमुद्रकाचा काटा कमाल मर्यादेच्या १० ते १२ डेसिबल खालीच राहील असे पाहावे.

साठवणुकीचा हिशेबही आधी करावा. सीडीच्या दर्जाचे दोन वाटांचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. चार वाटा ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जाने घेतल्यास तासाला सुमारे २ गिगाबाइट लागतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या किमान दोन प्रती, दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. फाइलच्या नावात तिथी, दिनांक, गायकांचे नाव व भजनाचा प्रकार लिहावा.

११. कार्यक्रमापूर्वीची तपासणी

• मुख्य फेडर पूर्ण खाली घेऊन ध्वनिमुद्रकात आवाज येतो आहे, याची खात्री करावी.
• कर्ण्याचा ॲम्प्लिफायर बंद करून सभामंडप व महिलांच्या बैठकीतील आवाज चालू राहतो का, हे पाहावे.
• नवीन जॅकमध्ये प्लग घालून व काढून इतर माइकवर परिणाम होत नाही ना, हे तपासावे.
• जॅक वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व कार्तिकापूर्वी, संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने साफ करावेत.
• रात्री ९.५० वाजता घंटा वाजविणाऱ्या सेवेकऱ्याने कर्णा बंद करण्याची आठवण द्यावी.

१२. निवेदन

हे काम पूर्ण झाल्यावर पहिल्याच सप्ताहात रात्री दहाला कर्णा बंद झाला, महिलांच्या बैठकीत आवाज सुरू राहिला आणि ध्वनिमुद्रकाचा काटा भजन संपेपर्यंत हलत राहिला. त्या रात्री आम्हा सर्वांनाच आमच्या दिवंगत गायकांची आठवण झाली.

मंदिरात पोवारी व मराठी निरूपण करणारे जे ज्येष्ठ भजनी आजही गातात, त्यांचे ध्वनिमुद्रण येत्या कार्तिकात क्रमाने करण्याचा न्यासाचा मानस आहे. त्यांना घेऊन येण्याची जबाबदारी कुटुंबीयांनी कृपया स्वीकारावी. त्याचप्रमाणे ज्या भाविकांच्या घरी मंदिरातील भजन-कीर्तनाच्या जुन्या कॅसेट असतील, त्यांनी त्या प्रत करून घेण्यासाठी न्यासाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. मूळ कॅसेट जशीच्या तशी परत केली जाईल. विशेषतः त्या कार्तिकातील रात्री दहानंतरचा भाग कोणी आपल्या लहान टेपवर वा मोबाइलवर घेतला असल्यास, तो कितीही अस्पष्ट असला तरी न्यासास हवा आहे.



सचिव
विश्वस्त मंडळाकरिता, मलाजखंड